‘खालचं टोक दिसत नाही’: सोनोग्राफीनंतर पुढची तपासणी कोणती?

प्रश्न : माझ्या आईचं वय ६४. गेल्या आठवड्यात रात्री जेवणानंतर तिच्या उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, दोन-तीन तासांनी थांबलं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले, लघवी गडद व्हायला लागली. ताप नाही. रक्तात कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ३.४ (त्यात डायरेक्ट २.६), यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी १८६, अल्कलाइन फॉस्फटेज ४१२. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे आहेत, सर्वांत मोठा ११ मिमी. पुढे लिहिलंय, ‘सीबीडी (पित्ताची मुख्य नळी) ९ मिमी, खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे दिसत नाही’. आमचे फॅमिली डॉक्टर एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) करा म्हणतात, एका हॉस्पिटलात सीटी स्कॅन सांगितला, आणि मुंबईचे मामा म्हणतात, थेट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीची तपासणी) करून टाका, तपासणी आणि इलाज एकदमच होतो. आईला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. डाव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे, त्यामुळे एमआरआय चालणार नाही असंही कोणी सांगतं. शेजारच्या काकू काविळीचं गावठी औषध आणायला निघाल्यात. काय करावं?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आधी एक गोष्ट बघा. आईंना हुडहुडी भरून ताप आला, ग्लानी आली, लघवी कमी झाली किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर कोणती तपासणी हा प्रश्नच उरत नाही. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले असा त्याचा अर्थ, आणि मधुमेह असलेल्या माणसाला ते फार वेगानं बाधतं. तेव्हा एमआरसीपीची अपॉइंटमेंट धरून बसू नका. जिथे ईआरसीपी होते अशा हॉस्पिटलात त्याच दिवशी पोचा. वयस्कर मधुमेही माणसाला कधीकधी ताप चढतच नाही, नुसती थंडी वाजते. तेवढंही पुरेसं समजा.

आज ताप नाही असं धरून पुढचं लिहितो. आमचं मत तुमच्या फॅमिली डॉक्टरांसारखंच आहे. उद्या सकाळी रक्त पुन्हा तपासा, एमआरसीपी करून घ्या, आणि नळीत खडा दिसला तरच ईआरसीपी. सीटी सध्या नको. का ते नीट समजून घ्या, म्हणजे तीन जणांच्या तीन सल्ल्यांत ओढाताण होणार नाही.

यकृतात तयार झालेलं पित्त एका नळीतून खाली येतं, वाटेत पित्ताशयाची नळी तिला मिळते, आणि तिथून पुढच्या मुख्य नळीला सीबीडी म्हणतात. ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीला, एका बारीक उंचवट्यावर उघडते. पित्ताशयातला खडा घसरला की बहुतेक वेळा याच शेवटच्या अरुंद भागात येऊन अडकतो. आणि नेमकी हीच जागा पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला सर्वांत अवघड. पुढे आतडं आहे, आतड्यात हवा आहे, आणि हवेपलीकडे ध्वनिलहरी जात नाहीत. त्यामुळे ‘खालचं टोक दिसत नाही’ हे वाक्य ‘तिथे काही नाही’ असं वाचू नका. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलंय की त्यांना ती जागा तपासता आली नाही. पित्ताशयातले खडे शोधायला सोनोग्राफीइतकी चांगली तपासणी नाही, नळीतले खडे मात्र तिच्या हातून सहज निसटतात.

म्हणून रिपोर्टमधला ‘९ मिमी’ हा आकडा जास्त बोलका आहे. नळीची रुंदी साधारण ६ मिमीपर्यंत ठीक धरतात. साठीनंतर दर दहा वर्षांना एखादा मिलिमीटर वाढ चालते. पित्ताशय काढलेल्या माणसात १० मिमीपर्यंतही काळजी नसते. आईंचं पित्ताशय जागेवर आहे, त्यामुळे ९ म्हणजे नळी फुगलेली आहे. पण याच्या उलट चूक होते तीही सांगून ठेवतो. अडथळा नुकताच आला असेल तर पहिल्या दिवस-दोन दिवसांत नळी फुगलेली नसते, आणि रक्तात एसजीपीटी मात्र एकदम चढलेलं असतं, कधीकधी हजाराच्या घरात. मग ‘व्हायरल कावीळ आहे, विश्रांती घ्या’ म्हणून रुग्णाला घरी पाठवलं जातं. जेवणानंतर जोरात दुखून मागून कावीळ आली, हा क्रम कोणत्याही डॉक्टरांना सांगायला विसरू नका. निदानात तो आकड्यांइतकाच कामाचा आहे.

आता रक्त पुन्हा का? कारण खडा स्वतःहून निसटतो. लहान खडे बऱ्याचदा त्या अरुंद तोंडातून आतड्यात पडून जातात. दोन दिवसांत बिलिरुबिन ३.४ वरून १.८ वर आलं, दुखणं थांबलेलंच राहिलं, शौचाचा रंग परत पिवळा-तपकिरी झाला, तर खडा बहुधा गेला. आकडा वर चढत असेल, शौच शाडूच्या मातीसारखं पांढुरकं होत असेल, अंगाला खाज सुटली असेल, तर अडथळा अजून बसलेला आहे. तपासणी त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे तुलना सरळ राहते. त्याच रक्तात प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे आयएनआर, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघायला सांगा. आतड्यात पित्त पोचलं नाही तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. आयएनआर वाढलेला असेल तर डॉक्टर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात आणि यकृत ठीक असेल तर एखाद-दोन दिवसांत तो उतरतो. हे आधी केलेलं असलं की पुढे कोणतीही प्रक्रिया ऐन वेळी पुढे ढकलावी लागत नाही.

मामांचा सल्ला तीस वर्षांपूर्वी अगदी योग्य ठरला असता. ईआरसीपी १९६८ साली सुरू झाली, १९७४ पासून तिच्यातून नळीचं तोंड कापून खडा काढता यायला लागला, आणि एमआरसीपीचं पहिलं वर्णन १९९१ मधलं. मधल्या काळात नळीचं चांगलं चित्र हवं असेल तर ईआरसीपीच करत. आज नुसतं बघण्यासाठी ती करायची नाही. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, त्या बारीक छिद्रात तार घालतात, औषध सोडून एक्स-रेवर नळी बघतात. याच छिद्राशी स्वादुपिंडाची नळीही उघडते. ती दुखावली की स्वादुपिंडाला सूज येते. शंभरातल्या तीन ते दहा जणांना हे होतं. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत निवळतं, थोड्यांना आयसीयू लागतं. रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र पडणं कमी, पण होतं. खडा काढायचा असेल तर हा धोका पत्करण्यासारखा आहे. खडा कधीच निघून गेलेला असेल तर आईंच्या वाट्याला फक्त धोका येईल.

मग थेट ईआरसीपी कुणाला? अमेरिकेतल्या जठरांत्र एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत तीनच वाटा आहेत: नळीतला खडा सोनोग्राफीत किंवा स्कॅनमध्ये प्रत्यक्ष दिसला, नळीत जंतुसंसर्ग झाला, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर आणि नळीही फुगलेली, दोन्ही एकत्र. आईंची नळी फुगलेली आहे, पण बिलिरुबिन ३.४. म्हणजे त्या मधल्या गटात बसतात, जिथे आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) करायचा असतो. उद्याच्या रक्तात बिलिरुबिन ४.६ आलं तर हिशेब बदलतो, मग पोटविकारतज्ज्ञ थेट ईआरसीपी सुचवतील आणि ते बरोबर असेल. म्हणूनच उद्याचा आकडा हातात घेऊन बोला, मागच्या आठवड्याचा नको.

आता एमआरसीपी. हे एमआरआय मशीनवरच होतं. फरक एवढाच की चित्र असं घेतात, ज्यात साचलेलं पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि बाकी सगळं काळं पडतं. पित्त हे मुख्यतः पाणीच, त्यामुळे नळ्यांचं झाड काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं उमटतं. खडा असेल तिथे त्या पांढऱ्यात काळा ठिपका, आणि त्याच्या वरच्या बाजूला पित्ताची वाटीसारखी कड. गाठ असेल तर नळी अशी वाटी न करता एकदम तुटल्यासारखी किंवा निमुळती होत बंद होते. इंजेक्शन लागत नाही, किरणं नसतात. गाठीचा संशय असेल तरच औषध टोचून पूर्ण एमआरआय करतात. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन यासाठी पुरेसं आहे, ३ टेस्लासाठी पुण्याला धावायची गरज नाही.

गुडघ्याची वाटी एमआरआयला आडवी येत नाही. ती धातूची असली तरी हाडात घट्ट बसलेली आहे आणि पोटाच्या चित्रापासून लांब आहे. ऑपरेशनचं कार्ड असेल तर सोबत न्या, एवढंच. खरी अडचण येते ती पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट आणि डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची. यांतलं काही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. त्या दिवशी मंगळसूत्र, जोडवी, धातूच्या बांगड्या, केसातल्या पिना, काढता येणारी कवळी आणि साडीला लावलेली सेफ्टी पिन घरीच काढून ठेवा. जोडवी बोटात घट्ट बसली असतील तर आदल्या दिवशी साबण लावून सोडवा. ऐन वेळी टेबलावर ती ओढत बसण्यात वेळ जातो आणि आईंचा धीर सुटतो.

चार ते सहा तास काही खायचं-प्यायचं नाही. पित्ताशय भरलेलं राहतं आणि जठरात पाणी नसतं म्हणून हे. जठरात पाणी असलं की तेही पांढरं दिसतं आणि नळीवर चढून बसतं. काही ठिकाणी आधी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे आतड्यातला द्रव काळा पडतो आणि नळी मोकळी दिसते. ही युक्ती चांगली आहे, पण घरून आपणच पाजून नेऊ नका आणि तिथे मधुमेहाचं सांगा. सकाळची पहिली वेळ मागा. रिकाम्या पोटी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा नेहमीचं इन्सुलिन घेतलं तर साखर उतरेल. कोणता डोस टाळायचा ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा, आणि ग्लुकोमीटर जवळ ठेवा.

आत वीस ते तीस मिनिटं. आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. चित्र खराब होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे श्वास. ‘श्वास सोडा, धरा’ म्हटलं की पंधरा-वीस सेकंद थांबावं लागतं. आदल्या संध्याकाळी आईंना घरी चार-पाच वेळा सराव करून घ्या: श्वास सोडायचा, मग थांबायचं. भरून घेऊन नाही, सोडून. दर वेळी फुप्फुसात हवा कमी-जास्त राहिली की यकृत वर-खाली सरकतं आणि एका चित्रातली नळी दुसऱ्याशी जुळत नाही. एवढं थांबता येत नसेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा, श्वासाच्या लयीबरोबर चित्र घेण्याची दुसरी पद्धत असते.

रिपोर्ट वाचताना काही फसव्या जागा आहेत. पाच मिमीपेक्षा लहान खडा सुटू शकतो. फिल्मवर जे सुंदर पांढरं झाड असतं, ते जाड थराचं एकत्र चित्र. तीन मिमीचा खडा चहूबाजूंच्या पांढऱ्या पित्तात बुडून जातो. तो दिसतो पातळ आडव्या कापांवर, म्हणून फिल्मबरोबर सीडी मागून घ्याच. नळीत हवेचा बुडबुडा असला तर तोही काळा दिसतो. पण आई उताण्या झोपलेल्या असतात, त्यामुळे हवा वर तरंगते आणि खडा खाली बसतो. नळीच्या तोंडाचा स्नायू आवळलेला असताना चित्र घेतलं तर तिथे खडा असल्याचा भास होतो, दुसऱ्या क्षणी घेतलेल्या चित्रात तो जातो. यकृताची धमनी नळीला ओलांडते तिथेही कधी नळी दबल्यासारखी दिसते. तुम्ही हे स्वतः ठरवायचं नाही. पण रिपोर्टवर ‘संशयास्पद’ असं लिहिलेलं असेल तर पोटविकारतज्ज्ञाला ‘आडवे काप बघून नक्की सांगाल का’ असं विचारायला तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एमआरसीपी स्वच्छ आली आणि बिलिरुबिन मात्र उतरत नसेल, तर पुढची पायरी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची. त्याआधी हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्या करून घ्या. या अल्ट्रासाउंडमध्ये दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. तो थेट लहान आतड्यात पोचतो, म्हणजे जी हवा पोटावरून आडवी येत होती ती मधून निघून जाते आणि नळी काही मिलिमीटरवर येते. दोन-तीन मिमीचे खडे, पित्तातला गाळ, तोंडाशी असलेली छोटी गाठ यात दिसते, लागलं तर सुईनं तुकडाही घेता येतो. गुंगीचं औषध द्यावं लागतं आणि सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं. मोठा फायदा असा की खडा दिसला तर बऱ्याच ठिकाणी त्याच गुंगीत ईआरसीपी करून तो काढतात. मोठ्या शहरात एकाच छताखाली दोन्ही होत असेल तर एमआरसीपी न करता थेट हीच वाट धरणंही तितकंच योग्य आहे. कराड किंवा साताऱ्यात एमआरआय लवकर मिळत असेल तर तो करा. या दोहोंत वाद घालण्यात दिवस घालवू नका.

सीटीचं काय? सीटी हे वाईट मशीन नाही, तुमच्या प्रश्नाला ते योग्य नाही. कोलेस्टेरॉलचे खडे सीटीवर पित्तासारखेच दिसतात, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला तरी खात्री होत नाही. किरणं आणि आयोडीनचं औषध मात्र आलंच. सीटी आधी करायची ती वेगळ्या चित्रात: कावीळ न दुखता हळूहळू चढतेय, वजन उतरतंय, मधुमेह अलीकडेच अचानक आलाय किंवा बिघडलाय, पित्ताशय हाताला लागतंय, सोनोग्राफीत स्वादुपिंडाची नळीही फुगलेली दिसतेय. तिथे स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे का, ती रक्तवाहिन्यांना चिकटलीय का, हे बघायचं असतं. ही सीटी पॅनक्रियाटिक प्रोटोकॉलनं, म्हणजे औषध टोचल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी पहिला आणि ७० सेकंदांच्या आसपास दुसरा फेरा घेऊन करावी लागते. आणि ती स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, बसवण्याआधी व्हावी. स्टेंटमुळे आणि ईआरसीपीनंतर आलेल्या सुजेमुळे गाठीच्या कडा पुसट होतात, आणि ऑपरेशन होईल की नाही हे ठरवणं सर्जनला अवघड जातं. नळी वर, यकृताच्या दाराशीच बंद असेल तेव्हाही आधी एमआरसीपी, मग निचरा. कोणत्या बाजूचं पित्त काढायचं ते चित्राशिवाय ठरवलं तर न निचरलेल्या भागात जंतू शिरतात.

काकूंना हात जोडून थांबवा. व्हायरल कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय पाल्याला मिळतं. नळीत अडकलेला खडा पाल्यानं हलत नाही. त्या चार दिवसांत जंतू चढले तर नुकसान आईंचं आहे. मधुमेहात उसाचा रस आणि ग्लुकोजचं पाणीही नको. जेवण साधं, तेल-तूप कमी.

ईआरसीपी करायची वेळ आलीच तर आधी चार गोष्टी विचारा: खडा कोणत्या तपासणीत दिसला, आयएनआर किती आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या केव्हा थांबवायच्या (आई घेत असतील तर), आणि स्वादुपिंडाची सूज टाळण्यासाठी गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन देणार का. मूत्रपिंड ठीक असेल तर ही १०० मिलिग्रॅमची साधी सपोझिटरी खरोखर उपयोगी पडते. खर्चासाठी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे जा, आणि प्रक्रिया योजनेत बसते का ते तिथेच नक्की करून घ्या.

खडा निघाला किंवा आपोआप गेला, तरी पित्ताशयात बाकीचे आहेतच. पित्ताशय शक्यतो त्याच भरतीत किंवा दोन आठवड्यांत काढून घ्या. घरी गेलं की बरं वाटतं, सण येतात, आणि सहा महिन्यांनी तीच रात्र परत येते. ईआरसीपीत प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवला असेल तर तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. विसरलेला स्टेंट गाळानं तुंबतो आणि कावीळ तापासकट परत येते. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लिहून घ्या, आणि घरी आल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनानं गोल करा.